आत्याच्या बेसण्याला साहेब आले

आमच्या घराण्यात शिकलेल्यांची कधी कमी नव्हती. आजोबा संस्थानात कारकून, काका मास्तर, चुलतभाऊ तर इंग्रजीत सह्या करून दमलेले. मी चौथीपर्यंत गेलो आणि मग शाळेला माझी गरज उरली नाही. बडोद्यात दांडिया बाजाराच्या मागच्या एका गल्लीत पिठाची गिरणी घातली आणि हात थकेपर्यंत चालवली. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्याला राजकारणातलं काय कळतं. राजकारणातलं मला काहीच कळत नाही. पण आमचे साहेब माझ्या गिरणीतल्या पोत्यावर बसून मोठे झाले, तेवढं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

साहेब म्हणजे आमच्या भागातून निवडून येणारे पुढारी. पक्ष सांगत नाही. सगळ्या पक्षांनी पाळीपाळीने त्या खुर्चीवर बसून पाहिलं आणि साहेबांनी पाळीपाळीने त्या सगळ्या पक्षांत. सुरुवातीला ते रोज संध्याकाळी गिरणीत यायचे. दळण व्हायला वेळ लागतो, बायका डबे लावून उभ्या असतात, आणि उभी असलेली बाई गप्प बसत नाही. कुणाच्या दारात दिवा नाही, कुणाच्या पोराला दाखला मिळत नाही, सगळं तिथे निघायचं. साहेब बाजरीच्या पोत्यावर बसून ऐकायचे. उठायचे तेव्हा भुवया पांढऱ्या. त्या पांढऱ्या भुवयांवर ते दोनदा निवडून आले.

मग गल्लीत केबलची काळी वायर आली. गच्चीवरून गच्चीवर, तुळशीवरून, वाळत घातलेल्या धोतरांवरून. आधी त्यात सिनेमे दिसत, नंतर परदेशी बायका, आणि शेवटी साहेब. गावातल्या केबलवाल्याने स्वतःच्या बातम्या सुरू केल्या होत्या. एक टेबल, मागे कागदी फुलं. साहेबांना ते टेबल फार मानवलं. पिठाच्या जागी पावडर आली. पोत्यावरचा माणूस पडद्यात गेला आणि तिथून आम्हाला सांगू लागला, की मी सामान्य मतदाराच्या सतत संपर्कात आहे. आम्ही सामान्य मतदार समोर बसून ऐकत होतो, तेव्हा संपर्क नव्हता असं कसं म्हणू? फक्त तो एकाच बाजूने होता, जसा देवाचा असतो. देव निदान मध्येच साबणाच्या जाहिरातीसाठी थांबत नाही.

त्याच सुमारास आमच्या नळाला वास येऊ लागला. पहिला हंडा पिवळट, दुसरा करडा, तिसरा नाक धरून भरायचा. जमिनीखाली पाण्याच्या नळीने आणि गटाराच्या नळीने आपसात युती केली होती. आम्ही अर्ज दिले. अर्जावर शिक्का पडला, पाण्यावर काही पडला नाही. उकळून प्यायचो, पण माणूस चूळ भरतो, भाजी धुतो, कुठे कुठे उकळणार? बायकोला कावीळ झाली. बरी होते न होते तोच पुन्हा झाली. डॉक्टर म्हणाले, "काका, आता तिसऱ्यांदा नको. एक तर पाणी बदला, नाहीतर घर."

घर बदलायला मुलगा टपलेलाच होता. तो शहराच्या पार टोकाला, गोत्रीला सोसायटीत राहतो. तिथे लिफ्ट आहे, बाग आहे, बागेत बसू नका अशी पाटी आहे. तो रिक्षा घेऊनच आला.

"बाबा, आईला नेतो. तुम्हीही चला."

"मी या घरातून चौघांच्या खांद्यावर जाईन."

"मग तोपर्यंत आई आमच्याकडे राहील," तो शांतपणे म्हणाला. शिकलेला आहे, आवाज चढवत नाही.

बायको औषधांची पिशवी मांडीवर घेऊन रिक्षात बसली. डोळे अजून हळदीसारखे. म्हणाली, "पाणी नीट झालं की येते. नाही झालं, तर तुम्ही या. एवढ्यासाठी ताठून बसू नका."

ताठण्याशिवाय मला दुसरं काही येत असतं तर मी पाचवीत गेलो नसतो का? पण हिशेब सरळ होता. पाणी सुधारलं तर बायको माझ्या घरात. नाही सुधारलं तर मी मुलाच्या घरात पाहुणा, आणि बागेतली पाटी वाचत बसणार.

म्हणून मी साहेबांना गाठायचं ठरवलं. घरी गेलो तर ते टीव्हीवर गेलेले. कचेरीत गेलो तर टीव्हीवरून यायचे होते. मग म्हटलं, ते जिथे राहतात तिथेच भेटावं. त्यांचा एक कार्यक्रम होता, आपण फोन करायचा आणि साहेब उत्तर देणार. बऱ्याच खटपटीनंतर एकदाचा लागला. पडद्यावर साहेब, कानात साहेब, आणि दोघे वेगवेगळ्या वेळी बोलत होते.

"काका, पहेलां टीव्हीनो अवाज बंद करो," टेबलावरची बाई म्हणाली.

मी बंद केला. "साहेब, ओळखलंत का? गिरणीवाला. नळाला गटार येतंय. बायको दोनदा काविळीने..."

"अरे काका! केम छो? मजामां?"

"मजेत कसला, साहेब? काविळीने म्हणतोय मी."

"काकांचा प्रश्न बहु सरस आहे," साहेब त्या बाईला म्हणाले. "चोवीस तास पाणी हे माझं स्वप्न आहे."

"चोवीस तास नको. एकच तास द्या, पण पाणी द्या."

लाइन गेली. पडद्यावर साहेबांचे ओठ हलत होते, हात छातीवर होता. आवाज मी बंद केलेला, त्यामुळे मला कोणतं आश्वासन मिळालं ते कळलंच नाही. ते समोरच्या बेननी सांगितलं. "भाई, तुमचे आभार मानले त्यांनी."

या बेन म्हणजे आमच्या गल्लीचं खरं केबल. त्याला वायर लागत नाही. चरोतरातल्या गावातून लग्न होऊन आलेल्या, आता विधवा, माझ्याच वयाच्या. आमच्या बायकांत राहून मराठी शिकल्या, पण रागावल्या की गुजरातीवर जातात. त्या दिवशी रागावलेल्याच होत्या.

"टीव्हीमां शुं फांफां मारो छो? उगाच धडपड. साहेब एकाच ठिकाणी स्वतः येतात. बेसणाला."

आणि ते खरं होतं. गुजराती घरात कुणी गेलं की एक दिवस, नेमून दिलेल्या वेळी, पांढऱ्या चादरी अंथरून बसतात, ते बेसणं. फोटोला हार. लोक येतात, फोटोपुढे हात जोडतात, थोडं टेकतात, घरच्यांपुढे हात जोडतात, जातात. चहा नाही, गप्पा नाहीत. आता पुढाऱ्याच्या नजरेने बघा. शंभर मतदार पांढऱ्या कपड्यात, ओळीने बसलेले, आणि एकही प्रश्न विचारत नाही. याहून चांगली सभा कुठे भरते? साहेब सकाळी पेपर उघडत ते मागून, श्रद्धांजलीच्या पानापासून. लग्न चुकवतील, सभागृह तर चुकवतच, बेसणं नाही.

"आमच्यात बेसणं नसतं," मी म्हणालो. "आमचं दहावं, तेरावं. आणि मेलंय कोण?"

"ए पण थशे, तेही होईल," बेन म्हणाल्या. "देव मोठा आहे."

देवाने मनावर घेतलं. डभोईला माझी आत्या गेली. नव्वदी ओलांडलेली, आदल्या दिवशी सुनेकडून भजी करवून घेतलेली, झोपेतच गेली. असं मरण पुढाऱ्यांनासुद्धा मिळत नाही. मी डभोईला जाऊन खांदा देऊन आलो, तर दारातच बेन.

"फोई गयां?"

"गेल्या."

"सारुं थयुं," म्हणाल्या, आणि जीभ चावली. "म्हणजे, वाईट झालं हो. बेसणं कधी?"

मी साफ नाही म्हणालो. आत्याचे दिवस तिचा मुलगा डभोईला करतोय, सासरी गेलेल्या आत्याचं मला सुतक ते किती, आणि मी इथे तिचा फोटो मांडून बसू? आमचे चुलतभाऊ काय म्हणतील? ते इंग्रजीत म्हणतील, ते वेगळं. मी दोन दिवस नाहीवर ठाम होतो. मग गोत्रीला फोन केला. बायकोचा आवाज बरा होता. फारच बरा होता.

"जेवण जातंय का?"

"जातं की. आणि इथलं पाणी गोड आहे हो."

त्या गोड पाण्याने माझी झोप गेली. सकाळी केबलवाल्याकडे जाऊन आत्याचा फोटो दिला. दोन गाण्यांच्या मध्ये ती पडद्यावर दिसू लागली. भोवती गुलाबाची चौकट, खाली वेळ आणि माझा पत्ता. आयुष्यात सिनेमा न पाहिलेली बाई, सिनेमाच्या गाण्यांत जाऊन बसली.

बेसण्याच्या दिवशी आम्ही मराठी माणसांनी जे करायचं ते केलं. मोठ्या पातेल्यात चहा ठेवला. बेन धावत आल्या. "बेसणामां चा ना होय, भाई! लग्न छे?" चहा मोरीत गेला. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे बसवले. गल्ली झाडून हजर होती. आत्याला त्यातल्या कुणी पाहिलेलं नव्हतं, पण नळाच्या पाण्याने सगळ्यांनाच ती जवळची वाटू लागली होती.

आणि साहेब आले. पांढराशुभ्र झब्बा-पायजमा, मागे कॅमेरा. फोटोपुढे त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, कॅमेऱ्याला पुरेल इतके मिटले. माझ्यासमोर येऊन बसले. इतका वेळ मी मनात भाषण तयार करत होतो. नळाचं, काविळीचं, कापलेल्या लाइनचं. पण बेसण्यात कुणी बोलत नाही. शंभर माणसं गप्प, वर आत्या फोटोतून बघतेय, आणि मी काय म्हणू, साहेब, आत्या गेली, तेव्हा गटाराचं बघा? लोक म्हणतील, मेलेल्या आत्याच्या पदराआड नळ दुरुस्त करून घेतो. तेच तर करत होतो, म्हणून तोंड उघडेना. साहेबांनी गुडघ्यावर हात टेकले. उठणार.

तेवढ्यात बेननी पदर तोंडावर ओढला आणि मरसिया सुरू केला.

मरसिया म्हणजे मेलेल्या माणसाला हाका मारत, छाती पिटत, सुरात म्हटलेलं रडणं. बेनच्या गावची जुनी रीत. शहरात कुणी करत नाही, आणि सुरू झाला की कुणी अडवत नाही, अडवणं म्हणजे अपमान.

"ओ फोईबा रे... तमे पाणी मांग्युं ने अमे झेर आप्युं रे..."

तुम्ही पाणी मागितलंत आणि आम्ही विष दिलं. आत्याने बेनकडे उभ्या जन्मात पाणी मागितलं नव्हतं. पण मरसियाचा कायदा वेगळा असतो. ज्या बाईला जे दुःख असेल ते ती मेलेल्याच्या नावावर घालून रडून घेते. कुणी आपल्या सासूला रडते, कुणी परदेशी गेलेल्या मुलाला. बेन आमच्या नळाला रडत होत्या. बाकीच्या बायकांना ते बरोबर कळलं. त्यांचाही नळ तोच. सगळ्यांनी सूर धरला. साहेब गुडघ्यावर हात ठेवून तसेच बसले, ना खाली ना वर.

कळलं नाही ते फक्त केबलच्या बातमीदाराला. तो नव्या वस्तीतला, टाय लावणारा. त्याला ते रडणं म्हणजे जबानी वाटली. साहेब बाहेर पडताच त्याने त्यांच्या तोंडापुढे माइक धरला. "साहेब, या गल्लीच्या पाण्याने फोईबांचा जीव गेला, त्याला जबाबदार कोण?"

साहेब टीव्हीवर पहिल्यांदाच गप्प बसले.

संध्याकाळच्या बातम्यांत आत्या पुन्हा दिसली. या वेळी गुलाब नव्हते. दूषित पाण्याचा बळी, असं ठळक लिहिलेलं होतं. मागे बेनचा मरसिया आणि पुढे साहेबांचं गप्प तोंड, पुन्हा पुन्हा. कुणीतरी लगेच कळवलं असणार, बातम्या संपायच्या आत डभोईहून आतेभावाचा फोन.

"दादा, आईला आम्ही तुझ्याकडे पाणी प्यायला कधी पाठवली?"

"नाही पाठवली."

"मग ती बडोद्यात कशी मेली?"

"केबलवर मेली," मी म्हणालो. "घरी ती डभोईलाच मेली. तू शांत राहा."

"उद्याच्या उद्या खरं काय ते सांग तिथे जाऊन."

"सांगतो," मी म्हणालो. आणि सांगणारही होतो. मी खोटं बोलत नाही, गिरणीच्या काट्याकडेही कुणी बोट दाखवलेलं नाही. पण सकाळी दार उघडलं तर गल्लीत कुदळी. ज्या नळीसाठी अर्जांना शिक्के मारून मारून शाई संपली, ती नळी ट्रकमधून उतरत होती. निवडणूक तोंडावर होती, हे खरं. पण निवडणुका याआधीही तोंडावर येऊन गेल्या होत्या. आत्या पहिल्यांदाच आली होती.

दुपारी साहेबांचा माणूस स्कूटरवरून आला. पट्ट्याला मोबाइल, बोलताना तोच पुढे करायचा.

"काका, फोई तर डभोईला गेल्या ना? आम्ही चौकशी केली."

"डभोईलाच. म्हातारपणाने."

"वाह! मग हेच कॅमेऱ्यासमोर बोलून टाका. आत्ता बोलावतो."

मी खड्ड्याकडे पाहिलं. अर्धी गल्ली खोदलेली, अर्धी तशीच. "बोलतो की. खरं बोलायला माझी कधीच ना नसते. पण नळी पुरी होऊ द्या."

"काका, खरं बोलायला अट कसली?"

"तुमचे साहेब दर पाच वर्षांनी खरं बोलतात, त्यांना कुणी घाई केली का? मी चौथी पास माणूस. मला थोडा वेळ लागतो."

"साहेबांची बदनामी होतेय."

"माझ्या आत्याचीपण होतेय. ती काल केबलवर कुणाकुणाचं पाणी प्यायली! ती काही बोलली का?"

तो गेला आणि माणसं दुप्पट करून पाठवली. डभोईचा भाऊ रोज फोन करायचा, मी रोज उद्या म्हणायचो. मला समजलं, उद्या म्हणण्यात काय गोडी असते. पुढाऱ्यांना दोष देऊ नये. एकदा सवय लागली की सुटत नाही.

नळी शेवटच्या घरापर्यंत पोचली. नळाला पाणी आलं, आरपार दिसणारं. त्याच दिवशी स्कूटरवाला कॅमेरा घेऊन हजर. मी टोपी घातली, नळाशी उभा राहिलो आणि बोललो. शब्द अजून पाठ आहेत. "माझी आत्या डभोईला म्हातारपणाने गेली. पण पाणी घाणच होतं. माझी बायको त्याने दोनदा काविळीने पडली, आणि साहेबांनी फोनवर माझी लाइन कापली."

बातम्यांत मी दिसलो. "माझी आत्या डभोईला म्हातारपणाने गेली," एवढं म्हणालो, आणि लगेच साहेब. म्हणाले, विरोधक मेलेल्या माणसांचंही राजकारण करतात, पण सामान्य मतदार सत्यालाच धरून राहतो. मग माझं चित्र पुन्हा, ग्लासभर पाणी पिताना. मागे सनई.

गोत्रीहून बायकोचा फोन आला. "पाहिलं हो तुम्हाला."

"ते अर्धंच दाखवलं. मी पुढे..."

"बंडी मळकी होती. दुसरी नव्हती का?"

"येतेस कधी?"

"वास जातो की नाही ते बघून सांगा. टीव्हीवरून वास येत नाही."

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतले चौघे जण गिरणीवर आले. ओळखीचे, पण इतक्या नम्रपणे कधी न बोलणारे. त्यांच्या नळालाही वास येत होता. बराच वेळ गव्हाच्या भावाचं बोलले. मग एकाने घसा खाकरला. "काका, तुमच्याकडे... डभोईला किंवा इकडे तिकडे... आणखी कुणी वयस्कर मंडळी?"

"होती. आता सगळ्यात मोठा मीच," मी म्हणालो. "थांबायची तयारी असेल तर थांबा. पण मला घाई नाही."

ते थांबले नाहीत. त्यांनी बेनना विचारलं, की नुसता मरसिया वेगळा करून मिळेल का. बेन म्हणाल्या, "फोटो वगर ना थाय. फोटोशिवाय नाही."

बायको आठवड्याने आली. रिक्षातून उतरली ती आधी घरात न जाता मोरीवर गेली. नळ सोडला, ओंजळीत पाणी घेतलं, हुंगलं, उजेडाकडे धरून पाहिलं. मी मागे उभा. डोळ्यांतली हळद गेलेली दिसत होती.

"येतो का वास?"

"नाही," ती म्हणाली. पातेलं भरलं, उचलून गॅसवर ठेवलं आणि आच मोठी केली.

"अगं, आता कशाला उकळतेस? टीव्हीवर सांगितलं ना, पाणी शुद्ध आहे म्हणून."

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि बांगड्या मागे सारून डबे पुसायला लागली. मी पाटावर बसलो. पाण्याला उकळी यायला वेळ होता.